सतराव्या चौकटीतला ठिपका

न्हाव्याचा वस्तरा हनुवटीखालच्या एका चुकार खुंटावर अडला. ब्यान न्हावी सफाईचा माणूस. त्याने पातं जरा कलतं केलं, स्वतःचा श्वास रोखला आणि हलक्या हाताने तेवढीच जागा खरवडली. आवाज असा झालाच नाही म्हणा, कानापेक्षा कातडीलाच तो जास्त कळला. पण खुर्चीत डोळे मिटून पडलेल्या फू मिंगयुआनच्या अंगावर सर्रकन काटा आला. पांढऱ्या कापडाखाली त्याचा उजवा हात आपोआप हलला होता. अंगठा आणि पहिलं बोट एकमेकांना टेकली होती, मनगट किंचित वळलं होतं, आणि चिमटीत नसलेलं पातं त्याला स्पष्ट जाणवत होतं. ब्यान म्हणाला, "हलू नका हो मास्तर. कापलं तर तुमचे ते विमानवाले माझं छप्पर घासत जातील." बाकावर नंबर लावून बसलेले दोघे हसले. फू हसला नाही. काल सकाळी आपण काय केलं ते त्याला आत्ता, या साबणाच्या वासात, लख्ख आठवलं होतं. मेलेल्या वैमानिकाच्या, यान पेइलिनच्या निगेटिव्हवर, सतराव्या चौकटीत, एक काळा ठिपका होता. आणि तो आपण खरवडून काढला.

नदीपलीकडे कोरियात लढाई सुरू होऊन दुसरं वर्ष सरत आलं होतं. सीमेवरच्या आनतुंग शहराच्या डोक्यावरून चिनी मिग विमानं रोज नदी ओलांडून जात, आणि जितकी जात तितकी परत येत नसत. परत आलेल्यांतला कोणी म्हणे, मी अमेरिकनांचं एक सेबर विमान पाडलं. कोणी म्हणे, दोन. आभाळात ताशी हजार किलोमीटरच्या वेगाने जाणाऱ्या माणसाला काय दिसतं आणि काय दिसल्यासारखं वाटतं, हे त्याचं त्यालाही सांगता येत नाही. म्हणून तळावर पडताळणीची एक खोली होती. मिगच्या नाकाडावर कॅमेरा असतो. वैमानिकाने तोफेची कळ दाबली की तो फिरू लागतो, बोट उचललं की थांबतो. त्याच्यातली फिल्मची पट्टी धुऊन या खोलीत येई. फू तिच्या प्रत्येक चौकटीच्या कडेला पात्याच्या टोकाने नंबर कोरायचा, मग ती पडताळणी करणाऱ्या मेंगबाईंच्या टेबलावर जायची. शिवाय शोधपथकाने डोंगरात किंवा खाडीच्या चिखलात जाऊन विमानाचा सांगाडा पाहिला पाहिजे, त्याच्यावरची धातूची पट्टी उचकटून आणली पाहिजे आणि तिथल्या गावकऱ्यांचा शिक्का आणला पाहिजे. एवढं सगळं जुळलं तर वैमानिकाच्या नावावर एक विमान. नाहीतर नुसतं आभाळ.

मेंग यालान हार्बिनला शाळेत गणित शिकवायच्या, म्हणून सगळा तळ त्यांना मेंगबाई म्हणे. वय एकतीस, अंगात विटका निळा कोट, बोटांना कायम शाई. पाच दाव्यांतले तीन त्या नाकारत. तरणीबांड पोरं पाठीमागे त्यांच्या नावाने खडे फोडत. बाई अमेरिकनांच्या माहेरच्या आहेत म्हणत. लुओ छांगहे नावाचा एक तुकडीप्रमुख तर जेवणघरात सगळ्यांदेखत म्हणाला होता, "आपण वर पाडतो आणि बाई खाली बसून उभी करतात." बाई पुढच्याच टेबलावर मक्याची भाकरी मोडत होत्या. त्यांनी मान वर केली आणि शांतपणे सांगितलं की उभी असलेली विमानं उद्या परत येतात, कॉम्रेड लुओ, तेव्हा किती उरली हे तुम्हाला खरं माहीत असलेलं बरं. त्यावर लुओने वाटी उचलली आणि त्यांच्यासमोरच येऊन बसला. फूला ही दोघं आवडत. एकमेकांना टोचून बोलणारी आणि तरी एकमेकांच्या शब्दाला वचकून असलेली माणसं त्याने आयुष्यात फार पाहिली नव्हती.

न्हाव्याने तोंडावर गरम फडकं टाकलं तेव्हा त्या अंधारात फू ती चौकट पुन्हा बघायचा प्रयत्न करू लागला. काल सकाळचे सात वाजले असतील. काचेखालचा दिवा लावलेला. पट्टी वीस चौकटींची, म्हणजे अडीच सेकंदांची. पहिल्या चौकटीतच सेबर मोठं, मग आणखी मोठं होत जाणारं. तोफ सुटली की कॅमेरा थरथरतो, त्यामुळे शेवटच्या तीन चौकटी पार फिसकटलेल्या. सतरावी मात्र स्वच्छ. एखाद्या गिऱ्हाईकाने फोटो काढताना श्वास रोखून धरावा तशी. आणि त्या नीटस विमानाच्या उजव्या पंखाच्या मुळाशी, ऐन जोडावर, मोहरीएवढा काळा ठिपका. निगेटिव्हवर काळं म्हणजे छापल्यावर पांढरं. वीस वर्षं फूने फोटो स्टुडिओत हेच केलं होतं. चांगल्या चेहऱ्यावर पांढरा डाग राहू द्यायचा नाही. मन कुठे होतं कोण जाणे, चुलीवर ठेवलेल्या पाण्याकडे असेल, यानच्या रिकाम्या झालेल्या खाटेकडे असेल. पातं हातात होतंच. हाताने काम केलं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, करून झाल्यावर त्याला बरं वाटलं होतं. सुंदर विमान स्वच्छ झालं होतं. मग त्याने अठरावी चौकट पुढे ओढली होती.

हे यान पेइलिनचं प्रकरण गुंतागुंतीचं नव्हतं. मंगळवारी तो आणि त्याचा प्रमुख लुओ, दोघे एकाच सेबरच्या मागे लागले. आधी लुओने मारा केला, त्याच्या पट्टीत सेबरच्या शेपटीवर दोन चमका दिसतात. वेग जास्त झाल्याने लुओ वर निघून गेला. मग मागून येणाऱ्या यानने मारा केला. सेबर खाडीच्या गाळात पडलं. शोधपथक ओहोटीची वाट बघत तिथे गुडघाभर चिखलात चार तास उभं राहिलं, सांगाडा पाहिला, धातूची पट्टी आणली. यान परतताना, उतरायला चाकं बाहेर काढली असताना, ढगातून आलेल्या दुसऱ्या सेबरच्या तावडीत सापडला. विमान नदीच्या अलीकडे आपटलं. तो गेला, कॅमेऱ्याची पेटी राहिली. विमान पडलं हे नक्की, पाडलं कोणी एवढाच प्रश्न होता. लुओ पहिल्या दिवसापासून सांगत होता की ते यानचं आहे, मी वर वळता वळता पाहिलं, पंखाच्या मुळाशी चमक झाली आणि पंख दुमडला. मेंगबाईंनी यानची पट्टी चौकट चौकट करून पाहिली. चमक नव्हती. असणार कुठून?

त्यांनी लुओवर विश्वास ठेवला नाही यालाही कारण होतं. मागच्या थंडीत लुओने असाच एक दावा एका मेलेल्या दोस्ताच्या नावावर करून दिला होता, शपथेवर सांगून. पुढे त्याच विमानाची पट्टी तपासताना ते साफ खोटं निघालं. त्या वेळी बाई त्याला एक शब्द बोलल्या नव्हत्या, फक्त कागद परत केला होता. काल मात्र तो पुन्हा तेच सांगू लागला तेव्हा त्या म्हणाल्या, "कॉम्रेड लुओ, प्रेम हा पुरावा होत नाही." लुओच्या जबड्याचं हाड हललं. "म्हणजे मी त्याला भीक घालतोय असं तुम्हाला वाटतं. मेलेल्याच्या थाळीत माझ्या वाटचं वाढतोय. बाई, तो माझ्यापेक्षा चांगला नेमबाज होता, फक्त त्याला कोणी जवळ जाऊ देत नव्हतं." बाईंनी तरीही लुओचंच नाव लिहिलं. त्याच्या नावावरचं पाचवं विमान. तो बाहेर गेला, आणि फू कोपऱ्यात बसून पट्ट्या गुंडाळत राहिला. एवढं सगळं कानांवर पडत असताना आपल्या हाताने काय केलंय हे त्याला आठवलंही नव्हतं.

ब्यानच्या दुकानातून तो बाहेर पडला तेव्हा वारा सुटला होता, वसंतातला तो पिवळा धुळीचा वारा. रस्त्यावर शिंपल्या विकणाऱ्या बाया टोपल्यांवर ओली पोती टाकत होत्या. शनिवारी गुणगौरवाची सभा होती. सगळी पलटण अंगणात बसते, कोणी काय केलं ते मोठ्याने वाचलं जातं, ज्याला शंका असेल त्याने उठून विचारायचं, मग हात वर करून ठरतं. त्या सभेत यान पेइलिनचं नाव नुसतं मेलेल्यांच्या यादीत वाचलं जाणार. आठ उड्डाणं, शून्य विमानं. गावाकडे आईला कागद जाईल त्यावरही तेच. आज गुरुवार. फूने मनाशी म्हटलं, ठिपका कशाचाही असू शकतो. धुताना राहिलेलं औषध सुकलं की असेच काळे कण बसतात, आठवड्याला पाच-दहा तरी. तसाच असेल तर मी घाण काढली, दुसरं काही केलं नाही. कडा धारदार असली तर कण. कडा मऊ असली, भोवती धुरकट वलय असलं, तर तोफगोळा फुटल्याची चमक. साधी गोष्ट आहे, कडा आठव. पण कडा आठवेना. जितकं जोर लावून बघावं तितका तो ठिपका कधी टोकदार होई, कधी विरघळे. शेवटी तो जसा पाहिजे तसा दिसू लागला आणि फूला स्वतःची भीती वाटली.

असं त्याच्या बाबतीत पूर्वीही घडलं होतं. नदीच्या रस्त्यावरच्या स्टुडिओत तो टचिंग करायचा. देवीचे व्रण, मस, डोळ्यांखालच्या पिशव्या, सगळं त्याच्या पात्याखाली नाहीतर पेन्सिलीखाली जाई. जपानी अमलात एका जाड्या अधिकाऱ्याला त्याने दुसरी हनुवटी काढून दिली होती, तो इतका खूश झाला की फूला तांदळाची दारू पाजली. फू लग्नाचा फोटो स्वतःच टचिंग करायला बसला तेव्हा सुइयुनच्या डोळ्याखालचा तीळही त्याने उडवला. मुद्दाम नव्हे, सवयीने. फोटो हातात घेऊन ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "छान आहे. पण ही कोण?" मग हसली. सहा वर्षांपूर्वी ती तापाने गेली. आता तो फोटो तेवढा उरलाय आणि तीळ कोणत्या डोळ्याखाली होता ते फूला सांगता येत नाही. सहा वर्षं रोज सकाळी तो फोटोसमोर उभा राहतो. कधी वाटतं उजव्या, कधी डाव्या. बायकोचा चेहरा नवऱ्यालाच आठवू नये, आणि तोही त्याच्याच हातून पुसला गेलेला, हे त्याने कधी कोणाला सांगितलं नव्हतं.

शिधावाटपाच्या दुकानापाशी तो थांबला. सरळ तळाकडे जायचं की वळसा घालून? गप्प बसलं तर कोणाला कळणार होतं? आणि बोललं तर? गेल्या हिवाळ्यात भांडारातला एक कारकून एका चुकीच्या आकड्यावरून चौकशीला गेला तो परत आला नाही. फूचा इतिहासही काही धुतल्या तांदळासारखा नव्हता. जपान्यांच्या हनुवट्या कापणारा माणूस, आता शहीद वैमानिकाचा पुरावा खरवडतो. हात सवयीने फिरला म्हणे. कोण मानेल? त्याचं त्यालाच हे सांगताना हसू आलं असतं. तरी पाय तळाच्या बाजूलाच पडत राहिले. त्याला कारण यान होता. तीनच आठवड्यांपूर्वी तो पडताळणीच्या खोलीत डोकावला होता. पोरगा बोलायला अगदी मुखदुर्बळ, बोलायच्या आधी कान लाल व्हायचे. आपली पट्टी बघायला मिळेल का, म्हणाला. फूने दिवा लावून दाखवली. तोफ तपासायला कळ दाबली तेव्हाच्या बारा चौकटी, बाराही चौकटींत ढग. यानने त्या मन लावून बघितल्या. "मास्तर, ढग चांगले आलेत ना?" फू म्हणाला, सुरेख आलेत, चौकटीत लावण्यासारखे. तेव्हा यान म्हणाला, "लुओदादांच्या मागे राहायचं असतं ना मला, म्हणून ढगच मिळतात. पण एकदा समोर आलं की मी घाई करणार नाही. मी पूर्ण जवळ जाईपर्यंत कळ दाबणार नाही, तुम्ही बघाच." आणि मंगळवारच्या पट्टीत तो तसाच गेला होता. पहिल्या चौकटीपासून इतका जवळ की इतक्या पट्ट्या पाहिलेल्या फूचाही श्वास अडकला. असा नेम धरलेल्या माणसाचं मी काय केलं?

मेंगबाई टेबलाशी एकट्या होत्या, लोणच्याच्या कोबीबरोबर ज्वारीची पेज खात होत्या. फूने दार लोटलं, उभा राहिला, आणि न्हाव्याच्या दुकानापासून घोकत आणलेली वाक्यं सगळी विसरला. शेवटी त्याने नुसतं सांगितलं की सतराव्या चौकटीत एक ठिपका होता, तो मी काल तुमच्याकडे येण्याआधी खरवडून काढला. बाईंचा चमचा थांबला. त्यांनी पेज बाजूला सारली, उठून दार आतून लावलं आणि परत येऊन बसल्या. फूला वाटलं आता त्या फोन उचलतील. त्यांनी विचारलं, "कशाचा ठिपका?" तो म्हणाला, आठवत नाही. "मऊ की धारदार?" बाई, मी सकाळपासून तेच आठवतोय, आता मला दोन्ही दिसतात. बाईंनी मान हलवली. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. वर्गातल्या एखाद्या पोराने चुकीच्या रीतीने बरोबर उत्तर आणलं तर मास्तरणीच्या तोंडावर येतो तसा, थोडा कुतूहलाचा भाव होता. "डोळ्यांना विचारू नका," त्या म्हणाल्या. "त्यांना आता काय उत्तर हवंय ते माहीत झालंय. खरवडलं कोणी?"

"हाताने," फू म्हणाला.

"मग त्यालाच विचारू."

त्यांनी यानची पट्टी काढली, काचेवर उलटी ठेवली आणि दिवा खालून न लावता बाजूने, अगदी जमिनीलगत सूर्य असावा तसा कलता धरला. भिंग लावलं. खालून उजेड असताना जिथे काहीच दिसत नव्हतं तिथे आता फिल्मच्या थरात एक खड्डा दिसत होता. बाई खूप वेळ बघत होत्या. मग त्यांनी कपाटातून जुन्या, निकाली निघालेल्या पट्ट्यांचा डबा आणला. स्वतःच निवडून दहा चौकटी कापल्या, प्रत्येकीवर काळा कागद ठेवला आणि कागदाला एवढंसं भोक पाडलं, की भोकातून फक्त ठिपका दिसावा. काही ठिपके चमकांचे, काही सुकलेल्या औषधाचे, कोणता कशाचा हे फूला सांगायचं नव्हतं. त्याच्या हातात पातं दिलं. त्याने ते जपून, मोजूनमापून टेकवलं. असं नाही चालायचं, बाई म्हणाल्या, तुम्ही लक्ष देऊन करताय, काल लक्ष नव्हतं. मला काहीतरी सांगा. काय सांगू? काहीही, घरचं सांगा, बायको काय करायच्या? आणि फू सांगू लागला. सुइयुन शिंपल्यांची आमटी कशी करायची, आलं किती घालायची. स्टुडिओच्या मागच्या खोलीत तिने पाळलेलं एक म्हातारं बदक होतं, ते ग्राहकांना चावायचं. बाई हसल्या, एक चौकट सरकवली. फू बोलत होता, पातं चालत होतं. बाईंनी पुढची चौकट सरकवली. मग लग्नाचा फोटो निघाला, आणि त्याने कधीच कोणाला न सांगितलेली ती तिळाची गोष्ट आपल्या तोंडून बाहेर पडताना त्याने ऐकली. "कुठे होता तीळ?" बाईंनी सहज विचारलं. "डाव्या डोळ्याखाली," फू म्हणाला आणि पुढचा ठिपका खरवडला. मग त्याला कळलं आपण काय बोललो ते. डोळ्यांत पाणी आलं ते त्याने बाहीने पुसलं. दहावी चौकट झाली होती.

बाईंनी दहाही चौकटी कलत्या उजेडात एकेक करून पाहिल्या आणि वहीत खुणा केल्या. औषधाचा कण थराच्या वर बसलेला असतो. तिथे फूचा हात एकदाच फिरला होता, एका झटक्यात कण उडाला होता आणि उथळ, सपाट जागा राहिली होती. चमक थराच्या आत खोल उतरलेली असते. ती उडत नाही, पापुद्र्यापापुद्र्याने काढावी लागते. तिथे हात चार चार वेळा फिरला होता आणि खड्डा चमच्यासारखा झाला होता. एका ठिकाणी मात्र चमक असूनही त्याने दोनदाच पातं फिरवलं होतं. "दहापैकी नऊ," बाई म्हणाल्या. "माझ्या शाळेत एवढ्यावर पहिला नंबर यायचा." मग त्यांनी यानची सतरावी चौकट भिंगाखाली घेतली आणि फूला जागा करून दिली. चमच्यासारखा खड्डा, चार फटकारे, एकावर एक, शेवटचा सगळ्यात हलका. फूने स्वतःचं अक्षर ओळखावं तसं ते ओळखलं. त्याला एकाच वेळी रडू आणि अभिमान असं काहीतरी दाटून आलं. हा अभिमान कशाचा, याची लाजही वाटली.

शोधपथकाचा कागद फाइलमध्येच होता. सेबरचा उजवा पंख मुळाशी तुटून सांगाड्यापासून दोनशे पावलांवर पडला होता, शेपटीवर दोन भोकं होती पण शेपूट शाबूत होती. लुओच्या चमका शेपटीवर, यानची पंखाच्या मुळाशी. बाईंनी कालचा कागद काढला, त्यावर एक सरळ रेघ मारली आणि नवा कागद घेतला. फूने जसं घडलं तसं सांगायचं आणि त्यांनी लिहायचं. सवयीने, हा शब्द त्याला दोनदा सांगावा लागला. बाई म्हणाल्या, शनिवारी हे सभेत वाचलं जाईल, त्याला इलाज नाही, कारण याशिवाय हा निकाल उभा राहत नाही. पुढे काय होईल ते मला माहीत नाही. तुमच्या हातात आता पातं देणार नाही एवढं नक्की. फू हो म्हणाला. त्यांनी लिहिणं पुढे चालू ठेवलं आणि फूच्या निवेदनाच्या खाली आणखी चार ओळी लिहून काढल्या. त्या स्वतःबद्दल होत्या. पट्टी कलत्या उजेडात तपासणे हे पडताळणी करणाराचे काम होते, ते मी केले नाही, आणि प्रत्यक्ष पाहणाराची साक्ष जुन्या कारणावरून फेटाळली. सही, मेंग यालान. ही बाई कोणाच्या माहेरची आहे हे त्या दिवशी फूला पुरतं कळलं. शाई वाळायच्या आत त्यांनी शिपायाला सांगून लुओला बोलावणं पाठवलं.

लुओ उडायच्या कातडी कोटातच आला. बाईंनी दोन्ही कागद त्याच्यापुढे ठेवले. फू भिंतीला पाठ लावून उभा होता. लुओ येऊन गळा धरेल, थोबाडात देईल, काहीही करेल, आणि केलं तर बरंच होईल असं फूला वाटत होतं. लुओ वाचत होता. वाचताना त्याचे ओठ हलत होते, तो उशिरा लिहायला-वाचायला शिकला होता. फूच्या निवेदनापाशी तो थांबला, मान वर करून फूकडे पाहिलं, पुन्हा वाचू लागला. बाईंच्या चार ओळींपाशी आणखी थांबला. मग त्याने कागद अगदी सरळ करून टेबलावर ठेवले. बाईंनी म्हटलं, पाचवं विमान तुमच्याकडून गेलं, कॉम्रेड. तो म्हणाला, ते माझ्याकडे आलंच कधी होतं. मग त्याने टोपी काढली, हातात फिरवली. "फू मास्तर, एक विचारू का? त्याला कळलं होतं का?"

फूला समजलं नाही. लुओ म्हणाला, "त्याने पाडलं हे त्याला कळलं होतं का? मी रेडिओवर विचारलं, यान, पाहिलंस का? तो काही बोलला नाही. त्याला बोलायला वेळच लागायचा, तुम्हाला माहीत आहे. मग उतरण्याची गडबड झाली आणि मग ते झालं. मंगळवारपासून माझ्या डोक्यात एवढंच आहे. विमान कोणाच्या नावावर ते तुम्ही बघा. पण तो न कळताच गेला असेल तर..."

फू काचेपाशी गेला. त्याने कोणाची परवानगी विचारली नाही. खालचा दिवा लावला, पट्टी सरळ केली आणि सतरावी चौकट ओलांडून पुढे सरकला. अठरावी, एकोणिसावी, विसावी. तिन्ही फिसकटलेल्या, नुसत्या राखाडी सावल्या. या तीन चौकटींकडे कालपासून कोणी नीट थांबून पाहिलं नव्हतं, कारण त्यांत काही दिसत नाही. पण दिसत नाही म्हणजे काय? सेबर फिसकटलेलं होतं, तरी होतं. तिन्ही चौकटींत ऐन मधोमध होतं, आधीपेक्षा मोठं. विसाव्या चौकटीतसुद्धा सावज नेमात होतं. आणि तिथे पट्टी संपत होती. फूने वीस वर्षं लोकांचे चेहरे वाचले होते, दोन वर्षं आभाळ. एका बोटाने काय केलं हे मात्र तो पहिल्यांदाच वाचत होता. "तेव्हा त्याच्या मागे कोणी होतं?" त्याने विचारलं. लुओ म्हणाला, कोणी नव्हतं, मी वर होतो, मी बघत होतो. "बाई, त्याच्या तोफेत गोळे उरले होते का?"

मेंगबाईंनी फाइल उलटली. यानच्या विमानाच्या सांगाड्यातली तोफ तपासणाऱ्या मिस्त्रीचा कागद सगळ्यांत शेवटी लावलेला होता. "अकरा गोळे शिल्लक. तोफ अडकलेली नाही."

"मग त्याने पाहिलं," फू म्हणाला. त्याचा आवाज त्याला स्वतःलाच अनोळखी वाटला, इतका स्थिर होता. "गोळे आहेत, तोफ चालतेय, मागे कोणी नाही, विमान बरोब्बर समोर आहे. अशा वेळी बोट कोण उचलतं? चमक झाल्यावर तीन चौकटी त्याने कळ दाबून ठेवलीय, म्हणजे अर्धा सेकंदही नाही. आणि मग सोडलीय. आता आणखी मारायची गरज नाही हे ज्याला दिसलं तोच सोडतो. त्याला दिसलं, कॉम्रेड लुओ."

फू मेंगबाईंकडे बघत होता. त्या अंदाज लिहीत नाहीत हे त्याला माहीत होतं. पाच दाव्यांतले तीन त्या याच कारणाने फाडत. बाई उठल्या, काचेपाशी आल्या, तिन्ही चौकटी भिंगातून एकेक करून पाहिल्या, मिस्त्रीचा कागद पुन्हा वाचला. मग त्यांनी लेखणी शाईत बुडवली आणि निकालाच्या खाली, वाकून, त्यांच्या त्या शाळेतल्या गोल अक्षरात लिहिलं: शत्रूचे विमान पडत आहे हे वैमानिकाने स्वतः पाहिले.

लुओने ती ओळ वाचली. वाचताना या वेळी ओठ हलले नाहीत. तो खुर्चीत बसला, दोन्ही हातांनी टोपी धरून. मग म्हणाला, "बाकीचे कागद वरच्या कचेरीत पाठवा. त्याच्या आईला एवढी एकच ओळ पाठवा." मेंगबाईंनी नवा कोरा कागद घेतला, ती ओळ त्यावर पुन्हा लिहून काढली आणि कागद फूपुढे सरकवला. साक्षीदाराची सही तिथे त्याने करायची होती.